कोकणात रोज चालवायला कॉन्टेसा: घ्यायची तर कुठली आणि काय बघून

सरळ मुद्द्यावर येतो. मसल कारच्या धाटणीची, म्हणजे लांब बॉनेटची, मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी रोज चालवायची हौस असेल आणि राहायला कोकण किनाऱ्याला असाल, तर माझं मत हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा क्लासिकला, त्यातही 1.8 लिटरचं जपानी इसुझू पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर असलेलीला. आणि घेताना इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं, आधी पत्रा. मी रत्नागिरीच्या बाजूला राहतो, माझी गाडी कामाला, बाजाराला, पाहुणे आणायला कुवारबावला स्टेशनवर, सगळीकडे जाते, भर पावसात पण जाते. नेटवर कॉन्टेसाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक शहरात बंद गॅरेजमध्ये ठेवून रविवारी बाहेर काढणाऱ्या लोकांचं असतं. खाऱ्या हवेत रोज उभी राहणारी गाडी हा वेगळाच प्रकार आहे, त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे लिहितोय.

आता कुणी म्हणेल की कॉन्टेसा कुठली मसल कार. बरोबर आहे, खरी मसल कार अमेरिकन. 1964 ची पॉन्टिअॅक जीटीओ, मध्यम आकाराच्या गाडीत 389 क्युबिक इंचाचं म्हणजे साधारण 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन, मग डॉज चार्जर, शेव्हेल, ती सगळी मंडळी. तिथे पण लोकांना हाच प्रश्न पडतो की यातली रोज ऑफिसला न्यायला कुठली घ्यावी, आणि जाणती माणसं सगळ्यात मोठं इंजिन घ्या असं सांगत नाहीत, शेव्हीचं (शेव्हरोलेचं) 350 क्युबिक इंचवालं घ्या म्हणतात, कारण त्याचा पार्ट कुठल्याही दुकानात मिळतो. शिवाय रेडिएटर मोठा करा, ब्रेक सुधारा, आणि ओव्हरड्राइव्हचा गिअर असलेला गिअरबॉक्स बसवा म्हणजे हायवेला इंजिन बोंबलणार नाही. हा हिशोब जसाच्या तसा आपल्याकडे लावला की उत्तर इसुझू कॉन्टेसाच येतं. अमेरिकन गाडी इथे आणून रोज चालवणं मी तरी कुणाला सुचवणार नाही, डाव्या बाजूचं स्टिअरिंग घेऊन आंबा घाटात एसटीच्या मागून ओव्हरटेक कसा करणार सांगा.

गाडीचं मूळ ब्रिटिश. व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं शेवटचं मॉडेल 1972 ते 1978 तिकडे निघालं, ते बनवायची साधनं हिंदुस्तान मोटर्सने आणली आणि 1984 पासून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला कॉन्टेसा बनायला लागली, 2002 ला बंद झाली. पहिल्या गाड्यांना अॅम्बेसेडरचंच 1489 सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन होतं, जेमतेम 50 हॉर्सपॉवर आणि चार गिअर. एवढ्या मोठ्या गाडीला ते पुरत नाही. हातखंब्याकडे चढताना चार माणसं आणि सामान असेल तर दुसऱ्यावर घेऊन बसा. शिवाय त्या जुन्या इंजिनांचा काळ शिसं घातलेल्या पेट्रोलचा, ते 2000 साली देशभर बंद झालं, आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर त्या हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) व्हॉल्व सीट, म्हणजे व्हॉल्व जिथे टेकतात त्या कडा, हळूहळू खचत जातात, कडक सीट बसवून घेतल्या नसतील तर. संग्रहात ठेवायला ती पहिली कॉन्टेसा छान, रोजच्या वापराला नको.

इसुझूवाली मात्र वेगळीच गाडी आहे. 1817 सीसी, साधारण 88 हॉर्सपॉवर, त्या काळात रस्त्यावर पद्मिनी 1089 सीसीची आणि मारुती 800 तर 796 सीसीची होती म्हणजे विचार करा. आज 88 हा आकडा कुठल्याही हॅचबॅकला असतो, त्यामुळे सिग्नलवरून उडी मारेल वगैरे अपेक्षा ठेवू नका. पण खालच्या आरपीएमला जी ओढ आहे ना ती कोकणच्या रस्त्याला अशी काही बसते की बस. तिसऱ्या गिअरला टाकायची आणि पावसपर्यंतची सगळी वळणं त्याच गिअरवर काढायची, ना सारखं गिअर बदलणं ना किंचाळणं. पाचवा गिअर असल्यामुळे चौपदरी झालेल्या हायवेच्या पट्ट्यांवर 80 ला अगदी शांत चालते. बसायला सोफा. म्हातारी माणसं पण सहज चढतात-उतरतात, माझी आई तर नव्या उंच गाड्यांपेक्षा हीच बरी म्हणते. डिकी एवढी मोठी की आंब्याच्या लाकडी पेट्या आडव्या-उभ्या कशाही लावा. अॅव्हरेज गावात 8-9, हायवेला 10-11, यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

डिझेल पण येते, इसुझूचंच 1995 सीसी. कोकणात तिचा एक खरा फायदा आहे, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर नाही, प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर नाही, त्यामुळे पावसाळी दमटपणात सकाळी सुरू व्हायला कटकट करत नाही. पण आवाज आणि थरथर इतकी आहे की ज्या कारणासाठी आपण ही गाडी घेतो तेच कारण निघून जातं. दिवसाला खूप फिरणं असेल तरच डिझेल.

आता पत्रा. हाच खरा विषय आहे, बाकी सगळं दुरुस्त होतं.

कॉन्टेसाला जीपसारखी वेगळी चॅसी नाही. खालचा पत्रा, दरवाज्यांच्या खालून जाणारी पेटी, डिकीचा तळ, हाच गाडीचा सांगाडा. तो कुजला म्हणजे गाडी कुजली, मग वरून कितीही चकचकीत असो. आणि किनाऱ्यावर गंज बाहेरून लागतो त्यापेक्षा आतून जास्त लागतो, पत्र्याच्या दोन थरांच्या मध्ये जिथे खारी हवा शिरते आणि माती अडकून बसते. दरवाज्याच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती आपल्या तांबड्या मातीने बुजतात, पाणी आत साचतं आणि दरवाजा खालून खलास. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात रबर कडक झालं की तिथून पाणी आत, थेट ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटमध्ये. पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला चिखल भरतो. डिकीत स्टेपनीची जागा. या चार-पाच ठिकाणी बघितल्याशिवाय किमतीचं बोलणंच काढू नका.

मध्यंतरी माझ्या मित्राच्या पुतण्याला एक गाडी आवडली होती, चिपळूणच्या पुढे, मरून रंग, चारही गोल हेडलाइट स्वच्छ, क्रोम नवं. मला घेऊन गेला. "काका, रंग बघा ना, एक डाग नाही." रंग खरंच सुंदर होता. मी फ्रिजवरचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून दरवाज्याखालून फिरवत गेलो, अर्ध्या ठिकाणी चिकटेचना. बोटाने टकटक केलं तर पत्रा टण् वाजायला हवा तिथे बद्द वाजत होतं, म्हणजे पुट्टी भरलेली, वर रंग. मग मॅट उचलली, खाली काळा डांबरी कागद चिकटवलेला, त्याचा कोपरा सोलून स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, जोर पण नाही लावला, तो सरळ खाली गेला आणि भोकातून जांभ्याची जमीन दिसली. पुतण्या काही बोललाच नाही. मालकांचा पण दोष नव्हता हो, त्यांनी कुठल्यातरी गॅरेजवर विश्वास ठेवून भरपूर पैसे घालून ती गाडी रंगवून घेतली होती. वाईट वाटलं.

चिपळूण-खेड भागातली गाडी असेल तर अजून एक बघा. 22 जुलै 2021 च्या पुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांना माहिती आहे. सीट काढून रुळांच्या खाली, डॅशबोर्डच्या मागे वायरिंगच्या गुच्छात, डिकीच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ दिसला की समजायचं. वायरिंगमध्ये पुराचं पाणी गेलेली जुनी गाडी रोज वापरायला घेऊ नये, वर्षभर एकेक लाइट जात राहतो.

चांगला पत्रा मिळाला की तो टिकवायचा कसा, तर इथे मला गॅरेजपेक्षा मिरकरवाड्याच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्या काकांचं ऐकून फायदा झाला. ते म्हणाले, "गाडीला पण होडीसारखंच करायचं रे, आधी गोडं पाणी, मग वारा, मग तेल. कोंडून ठेवशील तर कुजणारच." तेव्हापासून मी तेच करतो. पावसाळ्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने जोरात धुवायची, दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, जिथे गंज फुटलाय तिथे घासून प्रायमर, आणि मग खालच्या पत्र्याला काजूच्या टरफलाचं तेल, जे होड्यांना लावतात तेच. हातमोजे घाला, कातडी जळते त्या तेलाने, आणि सायलेन्सरच्या आसपास लावू नका. पेट्यांच्या आत मात्र ब्रश जात नाही, तिथे नळीने आत फवारायचं मेणासारखं गंजरोधक मिळतं ते मारून घ्या. रबराचं जाड काळं कोटिंग मारतात ना सगळीकडे, त्याच्यावर माझा भरवसा नाही, त्याला एक चीर गेली की पाणी आत राहतं आणि वरून काही कळतच नाही.

आणि गाडीवर प्लास्टिकचं कव्हर किंवा ताडपत्री घालू नका. घामटते. वर छप्पर आणि तिन्ही बाजूंनी मोकळं, पडवीसारखं असेल तर उत्तम. गाडी रोज चालते हे तर सगळ्यात चांगलं, इंजिनची ऊब आणि वारा लागून आतला ओलावा निघून जातो. उभ्या गाड्या जास्त कुजतात, इथे आसपास बघतोच आपण, मुंबईकरांच्या बंद घरांसमोर.

पावसात चालवायला कशी आहे विचाराल तर सावध माणसाच्या हातात चांगली आहे. मागची चाकं ढकलतात, आणि जूनमध्ये पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेल आणि तांबडी माती एकत्र होते तेव्हा वळणात पाय दाबला तर मागचा भाग बाहेर यायला बघतो. टायर चांगले ठेवा, जुने दिसायला बरे असले तरी कडक झालेले टायर फेका, पाच-सहा वर्षांपलीकडे ठेवूच नका. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दव धरतं, जुलैच्या सकाळी गाडी नुसती कुरकुरते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसा, प्लगच्या वायरी नव्या टाका. डिस्ट्रिब्युटरमधले जुने यांत्रिक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंत तर निम्मा त्रास संपतो, आणि मूळपणा गेला म्हणून रडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, गाडी आपल्याला रोज घरी आणायची आहे. वायपर संथ आहेत. आरे-वारेच्या रस्त्याला समुद्राकडून आडवा पाऊस येतो तेव्हा वेग कमी करणं एवढंच हातात आहे.

उन्हाळ्यात प्रश्न तापण्याचा. इसुझूचा हेड अॅल्युमिनियमचा, एकदा नीट तापला की वाकतो, मग गॅस्केट, मग कोल्हापूर. (तसं कोल्हापूर आपल्याला जवळ आहे हे नशीबच, उद्यमनगरात हेड फेस करणं, क्रँक ग्राइंड करणं, बोअर करणं यात त्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.) रेडिएटर आधीच उघडून साफ करून घ्या, जमलं तर नळ्यांची एक रांग वाढवून घ्या, थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो तो परत बसवा, आणि विहिरीचं पाणी कधीही ओतू नका. किनाऱ्याकडच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, ते रेडिएटरमध्ये गेलं तर आतून खातं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस. एवढं केल्यावर आंबा घाट मेमध्ये एसी लावून चढते माझी गाडी, काटा मधल्या खुणेच्या जरासा वर जातो आणि माथ्यावर गेल्यावर परत खाली येतो.

पेट्रोलचं एक नवीन झालंय. आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात, पेट्रोल पंपाचा पडदा जातो, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडे हवेत पाण्याला काय तोटा. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाकून घ्या, हे खर्चाचं काम नाही पण इंजिनच्या वर पेट्रोल गळणं म्हणजे आगीशी खेळ, त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात. टाकी शक्यतो भरलेली ठेवा म्हणजे आत ओलावा धरायला जागा कमी. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) थोडा मोठा लागतो, नाहीतर मिश्रणात पेट्रोल कमी पडून गाडी जास्त तापते आणि उचलताना अडखळते. रोज चालवणाऱ्याची टाकी सारखी रिकामी होते, पेट्रोल शिळं होत नाही, इथे पण रोज चालवणं फायद्याचंच.

पार्टचं म्हणाल तर इंजिनचे मिळतात, कारण हेच 1.8 इसुझू पुढे अॅम्बेसेडरला पण होतं आणि अॅम्बेसेडर 2014 पर्यंत बनत होती. कोलकात्याहून कुरिअरने मागवायचे. मिळत नाही ते बॉडीचं सामान, पुढची काच, मागचे लाइट, दरवाज्याची रबरं, क्रोमच्या पट्ट्या. म्हणून मी म्हणतो की बिघडलेलं इंजिन पण पूर्ण बॉडी असलेली गाडी परवडली, मस्त इंजिन आणि अर्धे लाइट गायब असलेली नको. त्याच काळातली स्टँडर्ड 2000 गाडी पण दिसायला जबरदस्त होती पण फार थोड्या निघाल्या, तिचं सामान शोधण्यात आयुष्य जाईल.

लांबी साडेचार मीटरच्या वर आहे हे घरी पाणंद मोजून मग ठरवा. दोन्ही बाजूला गडगे आणि मध्ये काटकोनात वळण असेल तर ही गाडी एका फेऱ्यात वळत नाही, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली असेल तर उभ्या गाडीत चाकं फिरवताना खांदे दुखतात. ज्यांच्या वाडीचे रस्ते असे आहेत त्यांनी प्रीमिअर 118 एनई बघावी. 1171 सीसीचं निस्सान इंजिन, मागची चाकं ढकलणारी, आकाराने आटोपशीर आणि चालवायला गोड. कॉन्टेसाचा थाट नाही पण रोजची गाडी म्हणून अजिबात कमी नाही.

फेरीबोटीत पण लांबी आडवी येते. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे, ओहोटीला रॅम्प उतरता होतो आणि मागचा लांब भाग, विशेषतः सायलेन्सरचं टोक, घासतं. तिरकी चढवायची, सावकाश, माणसं उतरवून. रॅम्पवर खारं पाणी उडतंच, पलीकडे गेल्यावर कुठेही गोडं पाणी मिळालं की खालून मारून घ्यायचं, ते दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. पुळणीवर गाडी नेणं तर विसराच.

सुरक्षेबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. पत्रा जाड आहे म्हणून सुरक्षित आहे असं लोक म्हणतात ते खरं नाही, नव्या गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का स्वतःवर घेतो, ही गाडी तो आपल्याकडे पाठवते. पुढे-मागे नवे सीटबेल्ट बसवून घ्या, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, ब्रेकच्या होज सगळं नवं, हेडलाइटला रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) लावा म्हणजे प्रकाश पुरेसा पडेल. हायवेला अंतर ठेवून चालवा. घरात ही एकच गाडी असेल आणि लहान मुलं रोज लांब शाळेत न्यायची असतील तर मी घेऊ नका असंच सांगेन.

कागदपत्रांचं थोडक्यात. 15 वर्षांनी पेट्रोल गाडी बंद करायचा दिल्लीचा नियम आपल्याकडे नाही, महाराष्ट्रात आरटीओची तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते, पर्यावरण कर भरायचा, पीयूसी, विमा. मात्र 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी 10,000 केली आहे, ती हिशोबात धरा. व्हिंटेज म्हणून नोंदवायचं कुणी सुचवलं तर तो नियम 50 वर्षांवरच्या गाड्यांचा आहे आणि ती नोंदणी केली की रोज वापरायची परवानगीच नसते. आरसीवर इंजिन नंबर जुळतोय का ते नीट बघा, कारण पुष्कळ 1.5 च्या गाड्यांत नंतर इसुझू किंवा भलत्याच गाडीचं डिझेल बसवलेलं आहे आणि आरसीवर त्याची नोंद नाही. अशी गाडी स्वस्त मिळते, पण आरटीओच्या तपासणीला अडकते आणि विम्याचा क्लेम पण अडकतो.

बघायला जाणार असाल तर पाऊस सुरू असताना जा, मालक ऊन पडल्यावर या म्हणाले तरी. आणि सकाळी जा, आधीच फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, बॉनेटला हात लावून थंड आहे का बघा, मग स्वतः सुरू करा, पाच-दहा किलोमीटर चालवा, आणि परत आल्यावर मॅट उचलून बोट फिरवा, ओली लागते का ते.